अजातांचे ऋण

जो अद्याप जन्मास आला नाही, किंबहुना ज्याचा गर्भही अद्याप राहिलेला नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असू शकते काय? नीतिशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आम्ही आजवर पुष्कळ वेळा विद्यार्थ्यांपुढे ठेवला आहे. प्रश्न ठेवला की वर्गात ठरावीक दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कर्तव्य हे कोणाच्या तरी हक्काचे दुसरे अंग असते; जेथे हक्क सांगणारा कोणी अस्तित्वातच नाही तेथे कर्तव्य कोठून यावयाचे? दुसरा पक्ष म्हणतो, कोणी मनुष्य कठडा न बांधताच विहीर खणून ठेवील आणि दहा वर्षांनी तीत एखादे सहा वर्षांचे मूल पडेल, तर विहीर खणली त्या दिवशी ते मूल जन्मलेलेच नव्हते, एवढ्यावरून त्या मनुष्याची सुटका होईल काय? येथवर वाद येतो, तास संपतो आणि मंडळी चहाला जातात. आम्हीही अनेक वर्षे हा प्रश्न वर्गातलाच समजत होतो. तो एके दिवशी दूरध्वनीवरून आमच्या घरी आला, आणि त्याचे उत्तर आम्ही चुकीचे दिले. त्या चुकीची हकीकत सांगून हाच प्रश्न पुन्हा एकदा तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भाचीचे लग्न होऊन वर्ष झाले होते. माहेर आणि सासर दोन्ही नागपुरातच. तिला दिवस राहिले होते. आपल्याकडील रीतीप्रमाणे तीन महिने पुरे होईपर्यंत ही गोष्ट चौघांत बोलावयाची नव्हती. सासूबाईंनी मनातल्या मनात चोरओटीचा दिवस तेवढा ठरविला होता. दहाव्या आठवड्यात एका रात्री रक्तस्राव सुरू झाला. घराजवळच्या एका लहानशा दवाखान्यात नेले, पिशवी साफ केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घरी आली. ज्यांना दिवस राहिल्याचे ठाऊक होते ती चार-पाच माणसे. त्यांनीच एकमेकांस बजावले की आता हा विषय काढावयाचा नाही.

त्याच सायंकाळी तिच्या नवऱ्याचा आम्हांस दूरध्वनी आला. मुलगा संकोची, मामांचे पुस्तकी ज्ञान पुष्कळ, असा त्याचा समज. तो म्हणाला, "मामा, एक विचारायचं होतं. कॉलेजात असताना हिनं रक्तदान केलं होतं, त्या कार्डावर निगेटिव्ह लिहिलं आहे. दवाखान्यात कोणी रक्तगट विचारलाच नाही. कागदावर ती जागा कोरीच आहे. सांगायला परत जाऊ का?" आम्ही उत्तर दिले ते आजही शब्दशः आठवते. आम्ही म्हणालो, "झालं ते झालं. एवढ्याशासाठी तिला पुन्हा त्या जागी कशाला नेता? तिला विसरू द्या." बोलताना आपण काही शहाणपणाचे आणि दयेचे सांगत आहोत अशी आमची मनोमन खात्री होती.

निगेटिव्ह या शब्दाचा अर्थ आम्हांस तेव्हा अर्धवट ठाऊक होता. पुढे तो नीट समजून घ्यावा लागला. तो वाचकांपुढे मांडल्यावाचून पुढील विचार स्पष्ट होणार नाही.

माणसांच्या रक्ताचे गट असतात, हे व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिले. तथापि गट जुळवून रक्त दिले तरी कधी कधी अपाय होतो, याचे कारण आणखी चार दशके उलगडले नव्हते. ते उलगडले ते एका दुःखी स्त्रीमुळे. १९३९ साली न्यूयॉर्क येथील लेव्हाइन आणि स्टेटसन या दोन वैद्यांनी एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. तिचे मूल पोटातच दगावले होते. पुढे तिला नवऱ्याचे रक्त देताच तिच्या अंगावर तीव्र प्रतिक्रिया उठली. मृत अर्भक आणि नवऱ्याचे रक्त यांत असा कोणता समान पदार्थ आहे की जो या बाईच्या शरीराला परका वाटतो, असा प्रश्न त्या वैद्यांनी केला. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर व वीनर यांनी माकडाच्या रक्तावरील प्रयोगांतून एका घटकाचे वर्णन केले. ऱ्हीसस ही आपल्याच देशात आढळणारी माकडांची जात. तिच्यावरून त्या घटकास आरएच हे नाव पडले. माकडाचा घटक आणि माणसाचा घटक तंतोतंत एक नव्हेत, हे पुढे कळले. पण नाव पडले ते पडलेच. १९४१ साली लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनी या घटकाचा आणि नवजात अर्भकाच्या घातक काविळीचा संबंध स्पष्ट केला.

हा घटक, ज्यास डी असे म्हणतात, बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर असतो, ते पॉझिटिव्ह. काहींच्या पेशींवर तो नसतो, ते निगेटिव्ह. युरोपीय वंशाच्या लोकांत शेकडा सुमारे पंधरा निगेटिव्ह असतात. आपल्या देशात शेकडा सुमारे पाच. माता निगेटिव्ह आणि पिता पॉझिटिव्ह असला, तर गर्भ पित्यावर जाऊन पॉझिटिव्ह असू शकतो. मातेचे व गर्भाचे रक्त वारेच्या दोन बाजूंनी वाहते, एरवी ते एकमेकांत मिसळत नाही. परंतु प्रसूतीच्या वेळी, कधी गर्भस्रावात, कधी पिशवी साफ करताना, गर्भाच्या काही पेशी मातेच्या रक्तात उतरतात. मातेचे शरीर त्यांना परक्या समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ज्या गर्भामुळे ती तयार झाली त्यास बहुधा काही होत नाही, कारण तोवर तो बाहेर आलेला असतो. पण शरीराची स्मृती दीर्घ असते. पुढचा गर्भ पॉझिटिव्ह असला की तीच प्रतिपिंडे वार ओलांडून त्याच्या तांबड्या पेशींचा नाश करू लागतात. त्यातून पंडुरोग, घातक कावीळ, अंगावर सूज आणि क्वचित् पोटातच मृत्यू ओढवतो. म्हणजे आज जे घडते त्याचा दंड, जो आज नाहीच, त्यास भरावा लागतो.

यावर उपाय निघाला तो साठच्या दशकात. न्यूयॉर्क येथे फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक, आणि इंग्लंडात लिव्हरपूल येथे क्लार्क, फिन व त्यांचे सहकारी एकाच कल्पनेवर काम करीत होते. शरीराने स्वतः प्रतिपिंडे तयार करण्यापूर्वीच बाहेरून तयार प्रतिपिंडे टोचली, तर गर्भाच्या पेशी तेथल्या तेथे नाहीशा होतील आणि मातेच्या शरीरात त्यांची स्मृती राहणारच नाही. १९६८ साली हे इंजेक्शन प्रचारात आले. त्यास अँटी-डी म्हणतात. ते शक्य तो बहात्तर तासांच्या आत द्यावे लागते, आणि प्रतिपिंडे एकदा तयार झाली की मग त्याचा उपयोग होत नाही. हा उपाय नव्हता तेव्हा, पॉझिटिव्ह मूल झालेल्या निगेटिव्ह मातांपैकी शेकडा सुमारे सोळा जणींच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होत. प्रसूतीनंतर इंजेक्शन देण्याची वहिवाट पडल्यावर हे प्रमाण शेकडा एक-दोनवर आले, आणि गर्भारपणी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासही ते देऊ लागल्यावर त्याहूनही खाली गेले.

आमच्या भाचीच्या नवऱ्याने आम्हांस विचारले तेव्हा त्या बहात्तर तासांपैकी जेमतेम चोवीस उलटले होते.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस राहिले. या खेपेस मोठ्या रुग्णालयात नाव घातले. रक्ततपासणीत प्रतिपिंडे आढळली. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "याआधी कधी दिवस राहिले होते का?" खोलीत भाचीची आई होती, सासूबाई होत्या. आईने तत्काळ सांगितले, "नाही, हेच पहिलं." भाची खाली पाहत राहिली. डॉक्टरीणबाई अनुभवी होत्या. त्यांनी इतरांस बाहेर बसविले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा दोन वर्षे घरात कोणी न उच्चारलेली गोष्ट त्या मुलीने एका परक्या बाईस सांगितली, आणि सांगताना तिला रडू आवरले नाही. पुढचे सहा महिने साऱ्या घराने धास्तीत काढले. मूल पाच आठवडे आधी जन्मले. कावीळ झपाट्याने वाढू लागली. दोनदा त्याच्या अंगातले रक्त बदलावे लागले. ते जगले, आज शाळेत जाते आणि आम्हांस मामाआजोबा म्हणून हाक मारते. मात्र दुसऱ्या अपत्याचा धोका पत्करू नये असे त्या दोघांनी ठरविले, आणि ते का ठरविले हे ती कोणास सांगत नाहीत.

आता विचाराकडे वळू. कोणी म्हणेल, तुम्ही उगाच स्वतःस दोष देता. आणि हा पूर्वपक्ष दुबळा नाही. दहाव्या आठवड्याच्या गर्भाच्या अंगात रक्त ते किती? त्यातले मातेच्या अंगात उतरणार ते किती? २०२३ साली अमेरिकेत सुमारे पाचशे स्त्रियांच्या रक्ताची तपासणी होऊन असे आढळले की, पहिल्या बारा आठवड्यांत गर्भपात झाला असता मातेच्या रक्तात उतरणाऱ्या गर्भपेशी प्रतिपिंडे उत्पन्न करण्याइतक्या सहसा नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली, बारा आठवड्यांच्या आत गर्भपात केला असता अँटी-डी देऊ नये असेच मार्गदर्शन केले. इंग्लंडातील मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रियेने पिशवी साफ केली असेल तर ते द्यावे. केवळ औषधोपचार झाला असेल वा गर्भस्राव आपोआप पुरा झाला असेल तर देऊ नये. अमेरिकेत तर २०२४ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने बारा आठवड्यांपूर्वी ते वगळण्यास हरकत नाही असे म्हटले, आणि त्याच वर्षी गर्भवैद्यकाच्या दुसऱ्या संस्थेने ते देत जावे असे म्हटले. आपल्याकडील अनेक डॉक्टर अजूनही देणेच पसंत करतात. म्हणजे ज्ञात्यांचेच जेथे एकमत नाही तेथे एका प्राध्यापकाने "जाऊ द्या" म्हटले, यात एवढे काय बिघडले? आमच्या भाचीच्या अंगातील प्रतिपिंडे त्या गर्भस्रावानेच आली, हेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "असेलही. इतक्या लवकर सहसा होत नाही. पण दुसरं कारण मला दिसत नाही."

या पूर्वपक्षास आमचे उत्तर असे आहे. इंजेक्शन न देणे हे कदाचित् योग्य ठरलेही असते. परंतु न देण्याचा निर्णय आणि निर्णयच न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपरिनिर्दिष्ट संस्थांनी "न दिले तरी चालेल" असे म्हटले ते पेशी मोजून, हानिलाभ तोलून, आणि चूक झाल्यास ती कोणाच्या वाट्यास येईल याचा हिशेब करून. आम्ही काहीच मोजले नाही. आम्ही एका गोष्टीचा विचार केला, ती म्हणजे घरातील शांतता. आणि त्या शांततेस दया हे नाव दिले. शिवाय बारा वर्षांपूर्वी, पिशवी साफ केल्यानंतर निगेटिव्ह स्त्रीस हे इंजेक्शन द्यावे असाच वैद्यकाचा सर्वसाधारण प्रघात होता. तो आम्ही कोणास विचारून घेतला असता तर पाच मिनिटांत कळला असता. एखादा मनुष्य डोळे मिटून रस्ता ओलांडतो आणि योगायोगाने गाडी येत नाही, म्हणून त्याने रस्ता नीट ओलांडला असे कोणी म्हणत नाही.

संशय असेल तेथे त्याचा फायदा कोणास द्यावा, हा न्यायशास्त्रातला जुना प्रश्न आहे. फौजदारी न्यायात तो आरोपीस देतात, कारण चुकीचा भार तोच वाहणार असतो. येथेही तोच नियम लावून पाहावा. इंजेक्शन दिले आणि ते अनावश्यक ठरले, तर काही हजार रुपये गेले, दंड दुखला, आणि एका दुर्मीळ औषधाची एक मात्रा कमी झाली. ही हानी खोटी नाही. जेथे औषधच अपुरे आहे तेथे ती मोठीही ठरू शकते, आणि म्हणून सरसकट देऊ नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. परंतु दिले नाही आणि ते आवश्यक ठरले, तर भार येतो तो अशा एका जिवावर, ज्याचे मत घेणे कोणत्याही काळी शक्य नव्हते. त्याच्या वतीने बोलू शकेल अशी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे त्याची होणारी माता. आणि तिलाच आम्ही विचारले नव्हते. नवऱ्याने मामास विचारले, मामाने नवऱ्यास सांगितले. जिच्या अंगातले रक्त, ती पलीकडच्या खोलीत निजलेली होती. आमच्या अपराधाचा मुख्य भाग हाच, असे आम्हांस वाटते.

दुसरा पूर्वपक्ष याहून हळवा आहे. जिचा गर्भ कालच गेला, तिच्यापुढे आज "पुढच्या मुलासाठी" म्हणून सुई घेऊन उभे राहणे ही निष्ठुरता नव्हे काय? गेलेल्यासाठी तिला दोन दिवस तरी रडू द्यावे की नाही? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण तो आमच्यावरच उलटतो. कारण आम्ही तरी तिला रडू कोठे दिले? "पुढचे पाहा" म्हणणारा आणि "विसर" म्हणणारा, दोघेही एकच गोष्ट करतात. जे झाले ते झालेच नाही असे तिच्याकडून वदवितात. आमच्या पूर्वजांनी या बाबतीत निदान मौन तरी पाळले नव्हते. चौथ्या महिन्यापर्यंतचा तो स्राव, पाचव्या-सहाव्यातला तो पात, असा भेद त्यांनी केला. आणि गर्भस्राव झाल्यास जितके महिने तितक्या रात्री स्त्रीस आशौच, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. आशौचाची कल्पना आज कोणास पटो न पटो. पण दोन महिन्यांच्या गर्भासाठीही रात्री मोजावयाच्या असतात, एवढे त्या नियमाने मान्य केले होते. आम्ही सुशिक्षितांनी आशौच टाकले हे बरे केले; त्याबरोबर मोजणेही टाकले, हे मात्र बरे केले नाही. त्याच शास्त्राने स्रावाच्या बाबतीत पित्यास केवळ स्नानाने मोकळे केले होते, हेही लक्षात ठेवावयास हवे. दुःखाचा सारा भार स्त्रीकडे आणि पुरुष अंघोळ करून मोकळा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

आणि ही वाटणी विज्ञानास मुळीच मान्य नाही. ज्या घटकावरून हा सारा संघर्ष उभा राहतो तो गर्भास पित्याकडून येतो. असे असता घरोघर बोलले जाते ते "हिच्या रक्तात दोष आहे" असे. निगेटिव्ह हा शब्दच मुळी दुर्दैवी. पेशीवर एक पदार्थ नाही, इतकाच त्याचा अर्थ, परंतु तो कानावर पडताच ऐकणाऱ्यास खोट वाटते. विरळ रक्त म्हणजे सदोष रक्त नव्हे. १९५२ साली मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगात कोणास ठाऊक नसलेला एक रक्तगट शोधून काढला. तो आज जगभर मुंबई रक्तगट म्हणून ओळखला जातो. त्या विरळपणाचा आपण अभिमान बाळगतो. मग आपल्या घरातील सुनेच्या विरळ रक्ताची लाज का वाटावी?

विवाहाच्या बाजारात तर या अज्ञानास शास्त्राचा वेष चढविण्यात आला आहे. पत्रिकेतील एकनाडी दोष म्हणजेच रक्तगटाचा दोष, असे सांगणारे आम्हांस पदवीधरांतही भेटले आहेत. नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर अपत्य होत नाही, असेही कोणी सांगतात. वाचकांनी थोडा हिशेब करून पाहावा. सत्तावीस नक्षत्रे आद्य, मध्य व अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, आणि गुणमेलनातील छत्तीस गुणांपैकी आठ त्यांना दिले आहेत. चंद्र साधारणतः एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. म्हणजे तेच मूल दोन दिवस उशिरा जन्मते तर त्याची नाडी बदलली असती. त्याचा रक्तगट मात्र तिळभर बदलला नसता, कारण तो आईबापांकडून आलेला असतो. गट एकच असल्याने अपत्यास बाध येतो म्हणावे, तर निगेटिव्ह स्त्रीचा पती निगेटिव्ह असला की या बाबतीत धोकाच उरत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलचा विकार पुष्कळ आढळतो. तेथे वर आणि वधू दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक या प्रमाणात अपत्य आजारी होण्याचा संभव असतो, म्हणून विवाहापूर्वी तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. आरएचची गोष्ट तशी नाही. येथे मुलगी नाकारण्याचे कारण नाही. रक्तगट लिहून ठेवण्याचे आणि वेळेवर सांगण्याचे मात्र आहे. ज्या घरात निगेटिव्ह म्हणून मुलगी नाकारली जाण्याची भीती असते त्या घरातील मुलगी आपला रक्तगट लपविते, आणि लपविलेला रक्तगट हाच खरा धोका होय.

आता ज्या शंकेपासून आरंभ केला तिच्याकडे परत येतो. हक्क सांगणारा नसेल तर कर्तव्य कोठून? आमच्या परंपरेने याचे उत्तर हक्काच्या भाषेत न देता ऋणाच्या भाषेत दिले आहे. मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, असे आपण ऐकत आलो. या ऋणाची गंमत अशी की, ते ज्याचे घेतले त्यास परत करता येत नाही. ऋषींचे ऋण शिष्याकडे फेडावयाचे, पितरांचे अपत्याकडे. घेतले मागून, द्यावयाचे पुढे. अँटी-डी ही वस्तूच अशा ऋणाची आहे. ती मूलतः मिळविली गेली माणसांच्या रक्तातून; ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत, किंवा ज्यांनी मुद्दाम आपल्या शरीरात ती उत्पन्न करवून घेतली, त्यांच्या दानातून. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन या गृहस्थाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत परक्या लोकांच्या रक्ताने त्यांचे प्राण वाचले. अठराव्या वर्षापासून, म्हणजे १९५४ पासून, ते रक्त देऊ लागले. त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळली. आणि २०१८ साली वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी वयोमर्यादेमुळे थांबेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. त्यांच्या रक्तद्रवापासून झालेल्या इंजेक्शनांनी चोवीस लाख बालकांचे रक्षण झाले, असा तेथील रक्तसंस्थेचा अंदाज आहे. त्या चोवीस लाखांपैकी एकही त्यांना पाहून दान मागावयास आलेला नव्हता.

या ऋणाच्या वहीत एक अवघड पानही आहे, आणि ते चाळल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. न्यूयॉर्क येथील आरंभीचे प्रयोग सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांवर झाले. त्यांनी संमती दिली होती, असे नमूद आहे. पण तुरुंगातील मनुष्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हापासून आजवर उभा आहे. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेली प्रतिपिंडेही आपल्या देशात वापरली जातात. तरीसुद्धा ज्या ज्ञानावर ती उभी आहेत ते कैद्यांच्या दंडातून, दात्यांच्या नसांतून, आणि सर्वांआधी १९३९ सालच्या त्या बाईच्या मृत अर्भकातून आले आहे. त्या वैद्यांनी तिला "विसर" म्हणून घरी पाठविले असते, तर हा शोध त्यांच्या हातून लागला नसता. त्यांनी तिची हकीकत विचारली आणि लिहून ठेवली. एका घरातील गेलेला गर्भ लाखो घरांतील मुलांच्या कामी आला तो केवळ यामुळे. आणि आमच्या घरातील गेलेला गर्भ त्याच्या स्वतःच्या भावंडाच्याही कामी आला नाही, तो केवळ आमच्या मौनामुळे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, अजातांचे ऋण फेडण्याची पहिली पायरी बोलणे ही आहे. औषध द्यावे की न द्यावे हे डॉक्टरांनी, त्या त्या वेळच्या ज्ञानास अनुसरून आणि त्या स्त्रीस विचारून ठरवावे; त्यात आम्हां घरच्यांचे मत चालू नये. आमचे काम निराळे आहे. मुलीचा रक्तगट तिला स्वतःला ठाऊक असावा. दवाखान्याच्या कागदावर ती जागा कोरी दिसली तर ती भरून घ्यावी, आणि त्यासाठी परत जावे लागले तर त्याच दिवशी परत जावे. गेलेल्या गर्भाची नोंद घरात असावी, मग तो सहा आठवड्यांचा असो की सहा महिन्यांचा. डॉक्टरांनी "यापूर्वी?" असे विचारले असता सासूच्या किंवा आईच्या तोंडाकडे न पाहता उत्तर देण्याची मोकळीक त्या मुलीस असावी. यापैकी एकाही गोष्टीस पैसा लागत नाही.

गेल्या दिवाळीत भाची भाऊबीजेच्या निमित्ताने घरी आली होती. बारा वर्षे जे बोललो नव्हतो ते त्या दिवशी आम्ही तिच्याजवळ बोललो. नवऱ्याचा दूरध्वनी, आमचे उत्तर, सारे सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, इंजेक्शनाचं राहू द्या. ते लागलं असतं की नसतं, देव जाणे. पण तेव्हा घरात एकानं तरी मला विचारायला हवं होतं, तुला काय वाटतं म्हणून." इतके बोलून ती आत फराळाची ताटे वाढावयास गेली.

वर्गात तो जुना प्रश्न आम्ही आताही ठेवतो. फरक एवढाच की, दोन पक्षांचे बोलून झाल्यावर पूर्वी आम्ही जो समारोप करीत असू तो आता करीत नाही. विहिरीच्या दृष्टान्ताच्या जागी ही हकीकत, नावगाव वगळून, सांगतो. तास संपल्यावर एखादी विद्यार्थिनी मागे थांबते आणि हळूच विचारते, "सर, रक्तगट कुठे तपासून मिळतो?" तेवढे उत्तर तरी आम्हांस आता बरोबर देता येते.